एआयकडून पिक्सेल आर्ट काढून घ्यायचंय? आधी एक लाल डबा काढून बघा

फावल्या वेळात मी एक छोटा गेम बनवतोय. एसटी घाटातून सुखरूप खाली आणायची, वाटेत म्हशी, खड्डे, धुकं, बास, एवढाच गेम. कोडिंग जमतं पण चित्रकलेच्या नावाने बोंब, एलिमेंटरीला कसाबसा सी ग्रेड मिळाला होता आणि इंटरमिजिएटच्या वाटेला मी गेलोच नाही. त्यामुळे एआयला चार ओळी लिहून दिल्या की पिक्सेल आर्ट मिळतं हे कळल्यावर मी भलताच खूश झालो. लिहिलं 'लाल बसचं पिक्सेल आर्ट', अर्ध्या मिनिटात चित्र आलं, काय भारी दिसत होतं, तसंच उचलून गेममध्ये टाकलं आणि बस एकदम पुसट, घाणेरडी, चष्मा न लावता बघितल्यासारखी दिसायला लागली.

झूम करून बघितलं तेव्हा भानगड कळली, आणि हा सगळा लेख त्या एका भानगडीबद्दल आहे असं समजा. एआय पिक्सेल आर्ट काढत नाही, पिक्सेल आर्टसारखं दिसणारं चित्र काढतं. खऱ्या पिक्सेल आर्टमध्ये एक चौकोन म्हणजे एक पिक्सेल, त्यात एकच रंग, सगळे चौकोन सारखे. ६४ बाय ६४ चं चित्र म्हणजे मोजून ४,०९६ चौकोन, कमी नाही जास्त नाही. एआयने दिलेलं चित्र असतं बहुतेक वेळा १०२४ बाय १०२४, म्हणजे दहा लाखांच्या वर पिक्सेल, आणि त्यात जो 'चौकोन' दिसतो तो शेकडो खऱ्या पिक्सेलचा ठिपका असतो, एक १५ रुंद, शेजारचा १७, कडा मऊ, आणि लाल रंग म्हणून जो दिसतो त्यात शंभर लाल.

असं का होतं तर स्टेबल डिफ्यूजनसारखी चित्रं काढणारी एआय मॉडेल्स एकेक पिक्सेल ठेवत चित्र काढतच नाहीत. ती आधी एका दाबून लहान केलेल्या रूपात काम करतात, तिथला एक कप्पा म्हणजे शेवटच्या चित्रातला ८ बाय ८ चा तुकडा, आणि मग ते उलगडून मोठं चित्र होतं. शिवाय शिकताना त्यांनी पिक्सेल आर्ट बघितलं ते नेटवर कुणी चौपट केलेलं, कुणी दहापट, कुणी जेपेग करून खराब केलेलं. त्यामुळे चेहरामोहरा पाठ झाला, पण नियम माहीतच नाही.

म्हणून प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला लिहून दिलेल्या ओळी, हे फार तर एक तृतीयांश काम. बाकीचं काम ते चित्र चाळणीतून गाळून खरं पिक्सेल आर्ट करण्याचं आहे आणि ते बहुतेक लोक करतच नाहीत. आपण एक एसटी अथपासून इतिपर्यंत करू.

टूल कुठलं घ्यायचं

कॉम्प्युटरला ८ जीबी किंवा जास्त मेमरीचं एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर स्टेबल डिफ्यूजन एक्सएल घरच्या घरी चालवा, कम्फीयूआय नावाच्या प्रोग्रॅममधून. २०२३ चं मॉडेल आहे, आता जुनं झालं, पण पिक्सेल आर्टसाठी अजून कामाला येतं, कारण त्याच्यावर 'पिक्सेल आर्ट एक्सएल' नावाची फुकटची लोरा मिळते. लोरा म्हणजे मूळ मॉडेलला लावायची छोटी पुरवणी, तेवढ्या एका शैलीची शिकवणी दिलेली. हिची मजा म्हणजे १०२४ चं चित्र बरोबर आठपट लहान केलं की १२८ बाय १२८ चं बऱ्यापैकी स्वच्छ चित्र हातात येतं, तो वरचा ८ चा आकडा आठवा.

कार्ड नसेल तर चॅटजीपीटी किंवा जेमिनायमध्ये फोटो काढून मागतो तसं मागा. चालतं. फक्त तिथे सीड (कुठलं चित्र निघणार ते ठरवणारा आकडा), स्टेप्स (चित्र किती टप्प्यांत घडवायचं) असल्या गोष्टींवर ताबा नसतो आणि चौकोनांची मापं जास्त गडबडलेली असतात, म्हणजे पुढची साफसफाई वाढते. रेट्रो डिफ्यूजन आणि पिक्सेललॅब ही पिक्सेल आर्टसाठीच बनवलेली टूल्सही आहेत, ती चौकोन बरेच नीट देतात, रोज हेच काम करायचं असेल तर त्यांचा विचार करा. पण एकदा तरी पुढची सगळी उठाठेव हाताने करून बघा, नाहीतर त्या टूलने कुठे शेण खाल्लं ते तुम्हाला कळणार नाही.

गाळायला आणि दुरुस्तीला एक एडिटर लागेल. एसप्राइट सगळ्यात सरस पण विकत घ्यावं लागतं. फुकटात लिब्रेस्प्राइट, पिक्सेलोरामा, आणि काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर ब्राउझरमध्ये पिस्केल. सोबत जिम्प हा फोटो एडिटर असू द्या.

प्रॉम्प्टच्या आधी कागदावर चार गोष्टी

किती बाय किती, किती रंग, कुठून दिसतंय, आणि मागे काय. हे न ठरवता प्रॉम्प्ट लिहायला बसलात तर एआय स्वतःच्या मनाने ठरवतं आणि दर वेळी वेगळं ठरवतं.

साइझच्या बाबतीत नवीन माणूस हमखास मोठ्याकडे जातो. करू नका. जुन्या सुपर मारिओमधला छोटा मारिओ १६ पिक्सेल उंच होता आणि त्या काळच्या निन्टेन्डो मशीनवर एका स्प्राइटच्या (गेममधल्या हलत्या चित्राच्या) तुकड्याला पारदर्शक सोडून ३ रंग मिळायचे. मारिओला मिशी आली ती तोंड काढायला जागा नव्हती म्हणून, आणि टोपी आली ती केस काढायला नकोत म्हणून. म्हणजे अडचणीतूनच त्याचा चेहरा घडला. आयकॉन किंवा नाणं-फुल असेल तर १६ किंवा ३२, माणूस-गाडी ६४, पूर्ण देखावा १२८. माझी बस ६४, रंग १६, बाजूने दिसणारी, मागे एकच सपाट रंग.

प्रॉम्प्ट

इथे मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही टाइप करताना इंग्रजीत टाका, स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेल्स मराठीत अडखळतात.

पहिला धडा, नावावर विसंबू नका. 'एसटी बस महाराष्ट्र' लिहिलं की मला कधी लंडनची डबलडेकर, कधी अमेरिकन स्कूलबस लाल रंगात मिळाली, एकदा तर चक्क ट्राम. मॉडेलला लाल डबा माहीत नाही. मग ज्याने एसटी आयुष्यात बघितली नाही अशा माणसाला फोनवर सांगताना कसं सांगाल तसं सांगायचं. माझा शेवटी चाललेला प्रॉम्प्ट असा:

'पिक्सेल आर्ट, ओल्ड बॉक्सी सिंगल डेकर बस, साइड व्ह्यू, फेसिंग लेफ्ट, रेड बॉडी, वन यलो स्ट्राइप बिलो द विंडोज, रो ऑफ स्मॉल स्क्वेअर विंडोज विथ हॉरिझॉन्टल बार्स, लगेज रॅक ऑन रूफ, लॅडर अ‍ॅट द बॅक, सिंगल ऑब्जेक्ट, सेंटर्ड, फ्लॅट कलर्स, लिमिटेड पॅलेट, डार्क आउटलाइन, प्लेन लाइट ग्रे बॅकग्राउंड'

क्रम बघा. आधी काय आहे, मग कुठून दिसतंय, मग रंग आणि खुणा, शेवटी शैली आणि मागची बाजू. सुरुवातीच्या शब्दांना जास्त वजन मिळतं असा माझा अनुभव आहे, त्यामुळे बस सोडून आधी पाऊस, घाट, संध्याकाळ असलं काव्य लिहिलंत तर बस कोपऱ्यात जाते.

काय लिहू नये हे जास्त महत्त्वाचं. 'हायली डिटेल्ड', 'फोरके', 'सिनेमॅटिक लायटिंग' हे शब्द लोक सवयीने ठोकून देतात, पण पिक्सेल आर्टमध्ये ते विष आहेत, डिटेल मागितलं की मॉडेल चौकोन बारीक करतं आणि लायटिंग मागितलं की रंगांचे मऊ उतार येतात. 'एट बिट' आणि 'सिक्स्टीन बिट' (जुन्या गेम मशीनच्या दोन वेगळ्या पिढ्यांच्या शैली) दोन्ही एकाच वाक्यात टाकणारेही बघितलेत, साखर आणि मीठ दोन्ही टाकून चहा कसा लागेल तसा निकाल येतो. निगेटिव्ह प्रॉम्प्टची (काय नको ते लिहायची) सोय असेल तर तिथे 'ब्लर, ग्रेडियंट, अँटीअलायझिंग, थ्रीडी रेंडर, फोटो, टेक्स्ट, वॉटरमार्क' एवढं पुरतं.

मागचा रंग साधा राखाडी ठेवलाय त्यालाही कारण आहे. मी आधी व्हिडिओवाल्यांसारखा गडद हिरवा मागितला होता, कापायला सोपा जाईल म्हणून, तर बसच्या कडांना आणि काचांना हिरवी झाक आली, शेवाळलेली बस. राखाडी शहाणा रंग आहे, झाक आली तरी कळत नाही.

कम्फीयूआयवाल्यांसाठी आकडे: स्टेप्स २५ ते ३०, सीएफजी (प्रॉम्प्टला किती घट्ट धरून चालायचं) ५ ते ७, लोराचं वजन १ च्या आसपास, साइझ १०२४ बाय १०२४, रिफायनर (चित्रावर शेवटचा हात फिरवणारं जोड-मॉडेल) बंद. सीड लिहून ठेवा. आवडलेल्या चित्राचा सीड हरवला की ते परत मिळवणं म्हणजे एसटी स्टँडवर हरवलेली छत्री शोधणं.

सगळ्यात कामाची युक्ती: आधी आपण भिकार चित्र काढायचं

हे मला फार उशिरा कळलं. नुसत्या शब्दांवर एआय वीस वेळा फिरवत बसण्यापेक्षा एडिटरमध्ये ६४ बाय ६४ चा कोरा कॅनव्हास उघडा, लाल आडवा ठोकळा, त्यावर सहा निळसर चौकोन, खाली दोन काळे गोळे, एक पिवळी रेघ. दहा मिनिटं. अगदी बालवाडीतलं वाटलं पाहिजे. मग ते निअरेस्ट नेबर पद्धतीने (रंग न मिसळता चौकोन तसेच ठेवणारी) सोळापट मोठं करा, म्हणजे १०२४ झालं, आणि हे चित्र इमेज टू इमेजमध्ये (चित्रावरून चित्र काढून घ्यायची सोय) वरच्याच प्रॉम्प्टसोबत द्या.

यात डीनॉइज नावाची एक कळ असते, किती बदल करू हे सांगणारी. ०.३ ला काहीच बदलत नाही, तुमचाच ठोकळा परत येतो. ०.८ ला तुमचं चित्र विसरून स्वतःचंच काढतं. ०.५ ते ०.६ मध्ये खिडक्यांना गज येतात, टपावर कॅरिअर येतं, चाकांना आकार येतो, पण बसची लांबी-रुंदी आणि खिडक्यांची जागा तुम्ही ठेवली तीच राहते. आणि तुमच्या चित्रातले चौकोन आधीच १६ पिक्सेलचे असल्यामुळे मॉडेलही बऱ्यापैकी त्याच मापाला धरून चालतं, पुढचं गाळणं निम्म्यावर येतं. चॅटवाल्या टूलमध्येही चित्र जोडून 'हाच आकार आणि हेच चौकोन ठेव, फक्त बारकावे भर' असं सांगता येतं, तिथे कधी ऐकतं कधी नाही.

एका वेळी आठ-दहा चित्रं काढा आणि निवडताना मोठं करून बघू नका. उलट लहान करून, हात लांब धरून बघा. अंगठ्याएवढ्या आकारात बस वाटतेय का? वाटत असेल तर ते चित्र घ्या, मग त्यातल्या एका खिडकीचा आकार बिघडलेला असला तरी चालेल. खिडकी दुरुस्त होते, मुळातला आकार होत नाही.

चित्र उतरवताना पीएनजीच घ्या. आणि फोनवरून कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅपने पाठवणार असाल तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मी एकदा अख्खी दुपार 'एवढे ठिपके कुठून आले' म्हणून डोकं खाजवत बसलो होतो, ठिपके व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवल्यामुळे आले होते.

चौकोन मोजणे

आता खरं काम. चित्र एडिटरमध्ये ८०० टक्के झूम करा. बसच्या टपाचा कोपरा किंवा चाकाची कड, जिथे पायऱ्या पायऱ्या दिसतात, तिथे एक चौकोन किती पिक्सेलचा आहे ते बघा. एकच मोजू नका, चूक होते. सलग २० चौकोनांचं अंतर मोजा आणि २० ने भागा. माझ्या बसला २० चौकोनांना ३२२ पिक्सेल लागले, म्हणजे एक चौकोन १६.१, आणि १०२४ भागिले १६.१ म्हणजे ६३.६. अर्थात खरं माप ६४. छान.

नशीब खराब असेल तर २० चौकोन २२६ मध्ये बसतात, म्हणजे ११.३, आणि अख्खं चित्र ९०.६ चौकोनांचं. अर्धवट चौकोन नसतोच, म्हणजे चित्राच्या कडेला एखादा चौकोन कापला गेलाय. मग डावीकडून आणि वरून पहिला पूर्ण चौकोन जिथे सुरू होतो तिथपर्यंत क्रॉप करा, उजवीकडून आणि खालून शेवटचा पूर्ण चौकोन संपतो तिथपर्यंत, आणि मग उरलेल्या चित्राला ११.३ ने भागा.

हे क्रॉपचं नाटक का? कारण निअरेस्ट नेबर पद्धत प्रत्येक नव्या पिक्सेलसाठी जुन्या चित्रातल्या एकाच जागेचा रंग उचलते, साधारण त्या चौकोनाच्या मध्यावरचा. तुमची जाळी अर्ध्या चौकोनाने सरकलेली असेल तर तो 'मध्य' नेमका दोन चौकोनांच्या शिवेवर पडतो, तिथे रंग मिसळलेला असतो, आणि अख्खी बस मळकी येते. जाळी नीट बसली की तेच चित्र कुरकुरीत दिसतं.

मग लहान करा. एसप्राइटमध्ये स्प्राइट साइझमध्ये जाऊन निअरेस्ट नेबर, जिम्पमध्ये स्केल इमेजमध्ये इंटरपोलेशन 'नन', फोटोशॉपमध्ये रीसॅम्पलला निअरेस्ट नेबर. इमेजमॅजिकवाल्यांनी साधं रीसाइझ न वापरता सॅम्पल वापरायचं. पन्नास चित्रं असतील तर पायथनमध्ये पिलो लायब्ररीने पाच ओळींत फोल्डरच्या फोल्डर होतं. कुठेही बायलिनिअर किंवा बायक्युबिक (शेजारचे रंग मिसळणाऱ्या पद्धती) राहिलं नाही ना ते दोनदा बघा, बहुतेक ठिकाणी तेच आधीपासून निवडलेलं असतं आणि तिथेच सगळे फसतात.

एवढं करूनही अधूनमधून भलत्याच रंगाचा ठिपका येत असेल तर दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक चौकोनात सगळ्यात जास्त वेळा आलेला रंग घ्यायचा, मध्यावरचा नाही. याला छोटी स्क्रिप्ट लागते, ती एआयकडूनच लिहून घ्या, चित्र त्याने बिघडवलंय तर झाडू पण त्यालाच मारू द्या.

रंग आवरणे

लहान झालेल्या माझ्या बसमध्ये जिम्पच्या कलरक्यूब अ‍ॅनालिसिसने रंग मोजले, ४,०९६ चौकोनांत दोन हजारांच्या आसपास. डोळ्याला सगळं लालच दिसत होतं. हे १६ वर आणायचं.

क्रम लक्षात ठेवा, आधी चित्र लहान करायचं, मग रंग कमी करायचे. उलट केलंत तर चौकोनांच्या मऊ कडांवरचे मिसळलेले रंगच सोळातल्या निम्म्या जागा खाऊन बसतात.

जिम्पमध्ये इमेज, मोड, इंडेक्स्ड (म्हणजे ठरलेल्या रंगांपुरतंच चित्र), आणि डिदरिंग (दोन रंगांचे ठिपके मिसळून तिसऱ्याचा भास करणं) 'नन'. एसप्राइटमध्ये आधी पॅलेट (ठरलेल्या रंगांचा संच) लोड करा आणि कलर मोड इंडेक्स्ड करा, तिथेही डिदरिंग बंद. टूललाच 'तूच चांगले १६ रंग निवड' असं सांगता येतं, पण मी सांगत नाही, कारण मग प्रत्येक स्प्राइटचा लाल वेगळा येतो आणि म्हैस, बस, झाड तीन वेगळ्या गेममधून पळून आल्यासारखी दिसतात. अख्ख्या गेमला एकच पॅलेट हवं. लोस्पेक नावाच्या साइटवर फुकटात ढिगाने पॅलेट आहेत.

मी आधी पिको-८ चं पॅलेट लावलं, सोळाच रंग, सगळीकडे चालतं म्हणून. पण त्याचा लाल गुलाबीकडे झुकतो, एसटी एकदम लग्नाच्या वरातीतली वाटायला लागली. मग स्वीटी-१६ लावलं आणि जमलं. त्यातला लाल जरा मळका आहे, धुळीतून आलेल्या डब्याला अगदी शोभतो, सावलीला त्याच्याच शेजारी गडद जांभळा आहे, उन्हाच्या बाजूला नारिंगी, आणि पट्ट्याला पिवळा. सावली म्हणजे त्याच रंगात काळा मिसळायचा असं नाही, सावलीत रंग थंड बाजूला सरकतो आणि उन्हात उबदार बाजूला, हे या चार रंगांच्या ओळीत आयतं मिळतं.

आता मागचा राखाडी एकच रंग झालाय, जादूची कांडी (मॅजिक वाँड टूल) घ्या, टॉलरन्स शून्य, सलग जागेचा पर्याय चालूच ठेवा नाहीतर काचांमधला राखाडी पण जाईल, आणि डिलीट.

हाताची दुरुस्ती, इथेच खरी मजा आहे

इथवर आलेलं चित्र ऐंशी टक्के असतं. उरलेलं कुठलंही टूल करत नाही.

आधी एकटे पडलेले पिक्सेल. लाल पत्र्यावर मधेच एक जांभळा ठिपका, त्याचं तिथे काही काम नाही, पुसा. मग रेषा. बाहेरची काळी रेघ कुठे एक पिक्सेल, कुठे दोन जाड असते, सगळीकडे एक करा. तिरक्या रेघेत पायऱ्या २, २, १, ३, २ अशा पडल्या असतील तर २, २, २, २ करा, एवढ्याने चित्र एकदम माणसाने काढल्यासारखं दिसतं. खिडक्या माझ्या एक ५ रुंद, एक ४, एक ६ अशा होत्या. त्यातली एक नीट केली आणि बाकीच्यांवर पेस्ट केली. चाकांचंही तेच, एक ११ बाय ११ मध्ये हाताने काढलं आणि दुसरं कॉपी.

मग पाटी. एआयने पाटीवर जे लिहिलं होतं ते मराठी, कानडी, मोडी यापैकी काहीही असू शकेल. पाटी पुसून स्वतः लिहावी लागते आणि देवनागरी पिक्सेलमध्ये लिहिणं हा वेगळाच खेळ आहे. हिशेब बघा: शिरोरेषेला एक ओळ, तिच्याखाली अक्षराला निदान पाच-सहा, वर मात्रा किंवा वेलांटी असेल तर दोन, खाली उकार असेल तर अजून दोन. मला लिहायचं होतं 'पुणे'. वरती मात्रा, खाली उकार, म्हणजे दहा-अकरा ओळी, आणि माझ्या पाटीत जागा सात. इंग्रजीत आरामात पाच ओळींत बसलं असतं, पण एसटीवर इंग्रजी पाटी लावायला मन होईना. मग लक्षात आलं की काही गावांना वर-खाली काहीच नाही. सातारा! नुसते काने. सात ओळींत झोकात बसलं, अठरा-एकोणीस पिक्सेल रुंदीत. नगर पण बसतं. तेव्हापासून गेममधली प्रत्येक बस साताऱ्याला जाते आणि घाट खंबाटकी आहे असं मी ठरवून टाकलंय.

आणि दार. हे माझ्या लक्षात कित्येक दिवस आलं नव्हतं, एका मित्राने दाखवलं. गेममध्ये बस डावीकडून उजवीकडे जाते म्हणून मी डावीकडे तोंड असलेला स्प्राइट सरळ आडवा फ्लिप केला होता. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात, प्रवाशांचं दार बसच्या डाव्या अंगाला. बसचं तोंड डावीकडे असताना आपल्याला तिचं डावं अंग दिसतं, दार दिसतं, बरोबर. फ्लिप केलं की दार उजव्या अंगाला, म्हणजे प्रवासी भर रस्त्यात उतरणार, शिवाय 'सातारा' उलटं. त्यामुळे उजवीकडे जाणारा स्प्राइट वेगळा करावा लागला, दाराच्या जागी अजून एक खिडकी, पुढे ड्रायव्हरची खिडकी, पाटी गायब. गाड्या, शर्टाचे खिसे, डाव्या खांद्यावरचा पदर, अक्षरं, यातलं काहीही असेल तर फ्लिप करण्याआधी थांबा.

हलवायचं असेल तर

एआयला 'आठ फ्रेमची स्प्राइट शीट दे' म्हणू नका. देतं, पण प्रत्येक फ्रेममध्ये खिडक्यांची संख्या वेगळी. बससाठी मी दोनच फ्रेम केल्या, दुसऱ्या फ्रेममध्ये चाकं तिथेच आणि वरचा सगळा पत्रा एक पिक्सेल वर. २०० मिलिसेकंदांनी आलटून पालटून दाखवलं की अशी काही खडखडते की बघतच राहावं. चाकात एक फिकट पिक्सेल घड्याळासारखा चार जागी फिरवला की चाक फिरतं. एवढंच.

रस्त्याच्या किंवा गवताच्या टाइल्स (एकाशेजारी एक लावायचे तुकडे) करायच्या असतील तर चित्र अर्धं आडवं आणि अर्धं उभं सरकवा, कडा मधोमध येतात, तिथला जोड हाताने बुजवा.

बाहेर काढताना

स्प्राइट गेममध्ये टाकणार असाल तर ६४ चाच टाका, मोठा करून नको. गोडो ४ मध्ये (हे आणि युनिटी म्हणजे गेम बनवायची टूल्स) प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट टेक्श्चर फिल्टर निअरेस्ट करा, युनिटीत फिल्टर मोड पॉइंट आणि कॉम्प्रेशन नन. हे विसरलात तर वरची सगळी मेहनत पाण्यात, परत पहिल्यासारखी पुसट बस.

इन्स्टाला टाकायचं असेल तर मोठं करावं लागतं आणि ते पूर्ण पटीतच, ४, ८, १०, साडेतीनपट कधीच नाही, नाहीतर काही चौकोन ३ चे आणि काही ४ चे होतात. इन्स्टाचा चौकोनी फोटो १०८० चा असतो, म्हणून खास तिथल्यासाठीच चित्र करत असाल तर सुरुवातीलाच १०८ बाय १०८ ठेवा म्हणजे दहापट, किंवा १३५ ठेवा म्हणजे आठपट. ६४ वाल्यांनी सोळापट करून १०२४ चं चित्र घ्यायचं आणि चारी बाजूंना २८ पिक्सेलची चौकट लावायची.

गेम विकायला स्टीम या साइटवर टाकणार असाल तर २०२४ पासून तिथे एआयने बनवलेलं काय काय आहे ते फॉर्ममध्ये सांगावं लागतं, इच या तशाच साइटवरही तशी खूण करायची सोय आहे. लपवू नका. पिक्सेल आर्ट हाताने करणाऱ्या लोकांचा या सगळ्यावर राग आहे आणि तो मला चुकीचा वाटत नाही, त्यांच्याच चित्रांवर ही मॉडेल्स पोसली गेलीत. म्हणून मी प्रॉम्प्टमध्ये कुठल्याही चित्रकाराचं नाव टाकत नाही. आणि खरं सांगायचं तर बसनंतरची म्हैस मी एआयला सांगितलीच नाही, ३२ बाय ३२, चार रंग, शिंगं मागे वळलेली, दीड तास लागला पण हातानेच काढली. जरा कुत्र्यासारखी दिसते. रस्त्यातून हलत मात्र नाही.